टोमॅटो फळ आहे. बरं, मग?

दर दोन-चार महिन्यांनी आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड उगवतो: 'टोमॅटोला भाजी म्हणणं अडाणीपणा आहे, शास्त्रानुसार ते फळ आहे!' शेपटीला आणखी दोन गोष्टी असतात. शेंगदाणा म्हणे सुकामेवा नाही, डाळ आहे. आणि अमेरिकेतल्या कोर्टाने विज्ञान धुडकावून टोमॅटोला भाजी ठरवलं.

'फळ आहे, म्हणजे भाजी नाही.' पहिलं अर्धं बरोबर. फुलातल्या अंडाशयापासून तयार होतं ते फळ, त्यामुळे टोमॅटो, वांगं, भेंडी, काकडी सगळी फळं. पण वनस्पतिशास्त्रात मूळ, खोड, पान, फूल, फळ, बी असे भाग असतात. 'भाजी' नावाचं खातंच तिथे नाही. ते खातं स्वयंपाकघराचं आणि मंडईचं. तिथे भाजीच्या पोटात पालेभाजी, शेंगभाजी, कंदभाजी आणि चक्क फळभाजी येते. हा वाद मराठीने एका शब्दात केव्हाच मिटवलाय, आपण उगाच उकरतोय.

'कोर्टाने विज्ञान धुडकावलं.' हे साफ चूक. १८८३च्या अमेरिकन कायद्यात आयात भाज्यांवर १० टक्के जकात होती, फळांना माफी होती. निक्स नावाच्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी टोमॅटो फळ असल्याचा दावा करून भरलेली जकात परत मागितली. १८९३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्यात वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने टोमॅटो फळ आहे हे मान्यच केलं. मुद्दा एवढाच होता, की जकातीच्या कायद्यातला शब्द बाजारातल्या अर्थाने वाचायचा. आणि लोक टोमॅटो जेवणात खातात, जेवणानंतरचं गोड म्हणून नाही. उलट उदाहरणही आहे. युरोपियन युनियनच्या जॅमविषयीच्या नियमांत गाजर आणि रताळं फळांत मोडतात, कारण त्या नियमांना फक्त जॅमची व्याख्या करायची आहे. तिथे कोणी गाजराचं फूल शोधत बसत नाही.

'शेंगदाणा ही डाळ.' शेंगदाणा तुरीच्या कुळातला आहे, खरं. पण कुळावरून डाळ ठरवायची, तर चिंचही त्याच कुळातली. घाला वरणाला शिजत! आणि शेवग्याची 'शेंग' त्या कुळाबाहेरची, म्हणजे शेंगभाजीतून तिला काढायची का? मार्केट यार्डात शेंगदाणा तेलबियांत मोजतात. चिवड्यात तो काय असतो ते सांगायला नको.

शिवाय 'शास्त्रानुसार' म्हणजे कायमचं, असं धरून चालणारेही आहेत. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५३ साली टोमॅटोला बटाट्या-वांग्याच्या सोलॅनम प्रजातीत, म्हणजे जवळच्या नातलगांच्या गटात बसवलं. पुढच्याच वर्षी मिलर नावाच्या इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची वेगळी प्रजाती केली, आणि ती दोनशेहून जास्त वर्षं बहुतेकांनी वापरली. मग डीएनएच्या पुराव्यावरून स्वारी पुन्हा सोलॅनममध्ये. टोमॅटो तोच होता, घर दोनदा बदललं.

फॉरवर्ड पाठवणारे आमचे काका संकष्टीला भगर खातात. भगर गवताच्या कुळातली, म्हणजे तांदूळ-गव्हाची सख्खी भाऊबंद. काका, शास्त्रानुसार तुमचा उपवास दर महिन्याला मोडतोय.