घासूनपुसून

फेब्रुवारीत दिंडोरीहून नणंदबाईंकडची द्राक्षांची पेटी आली की आमच्या फ्रिजमधल्या भाज्या बाहेर येतात आणि द्राक्षं आत जातात. यंदाही तसंच झालं. रात्री जेवणानंतर मी उभ्या उभ्या एक टपोरं द्राक्ष तोंडात टाकलं, डाव्या बाजूला चावलं आणि अशी किंचाळले की हॉलमधून ह्यांनी विचारलं, "पाल का?" उठले नाहीत. आमच्याकडे पालीसाठी कोणी उठत नाही.

पाल नव्हती. खालच्या सुळ्यामागच्या दाढेच्या बुडातून निघालेली कळ थेट कानशिलात गेली होती. ओल्या हाताने गिझरचं बटण दाबल्यासारखी.

आता दात हा माझा अभिमानाचा विषय. वय वर्षं ५९ आणि आजवर एकाही दातात सिमेंट नाही. लग्न होऊन पंचवटीत आले तेव्हा सासूबाई दोन वेळा मिशरी लावायच्या. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो वास अख्ख्या वाड्यात पसरायचा. तीन वर्षं मागे लागून मी ती सोडवली. त्याबद्दल त्यांनी माझ्यावर जो दात धरला तो शेवटपर्यंत. तोंडातले बाकीचे त्याआधीच गेले होते. मुलं, पुतणे, भाचे सगळ्यांना मोरीपाशी ओळीने उभं करून मी दात घासायला लावले. स्वतः सकाळी पाच मिनिटं, रात्री पाच मिनिटं, कडकातला कडक ब्रश. रविवारी त्यावर घरचं मंजन: कोळसा, मीठ, तुरटी, लवंग. थुंकीत जरा लाल दिसलं की वाटायचं, चला, आज काम मनासारखं झालं.

गंगापूर रोडच्या दवाखान्यातली डॉक्टर माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची.

"काकू, कशाने ठणकतं? गार, गोड की आंबट?"

"द्राक्षाने," मी म्हटलं. तिन्ही एकात आलं.

तिने पेनाएवढा कॅमेरा तोंडात घातला आणि समोरच्या टीव्हीवर माझी दाढ आली, दुधी भोपळ्याएवढी. वरचा भाग पांढराशुभ्र. मी खुर्चीत जरा ताठ बसले. पण खाली हिरडी सरकून पिवळसर मूळ उघडं पडलं होतं, त्यावर विळ्याने उसाच्या कांड्याला घालावी तशी आडवी खाच, आणि खाचेत तपकिरी डाग. डॉक्टरने त्याला हलकेच टोकदार सळी लावली. पिकल्या चिकूत काडी शिरावी तशी ती आत गेली.

"कीड आहे काकू. वरून नाही, बुडातून. हिरडीच्या कडेला आणि मुळावर."

मग तिने समजावलं. दाताच्या वरच्या भागावर इनॅमल असतं, अख्ख्या शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू. मुळावर ते नसतंच. तिथे सिमेंटम नावाचा पातळ पापुद्रा, नाव सिमेंटचं आणि जाडी कांद्याच्या सालीसारखी. त्याखाली लगेच मऊ डेंटिन. म्हणजे दाताला वर चिलखत आणि खाली बनियन. तोंडातल्या आम्लाने पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं. मूळ मात्र ६.५ च्या आसपासच, म्हणजे त्याहून सौम्य आम्लातच, हाय खातं. हिरडी पांघरुणासारखी मुळावर असते तोवर सगळं झाकून जातं.

"पण माझी हिरडी सरकली कशी?" मी अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

"ब्रश कसा करता, दाखवा बरं." तिने प्लास्टरचा जबडा आणि एक ब्रश पुढे ठेवला. मी दाखवलं. जबडा टेबलावरून घसरत पार कापसाच्या डब्यापर्यंत गेला. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"काकू, दात आहेत हे. कढई नाही."

दोष माझा एकटीचा नाही, भाषेचाही आहे. आपण भांडी घासतो, फरशी घासतो आणि दातही घासतो. लहानपणी कोणी 'दात गोंजार' म्हणालं असतं तर मी गोंजारले असते. नाक कापल्याच्या कथेवरून नाव पडलेल्या या गावात माझंही कापलं गेलं, पंचवटीऐवजी गंगापूर रोडला, एवढाच फरक.

उलटतपासणी संपली नव्हती. "तोंड कोरडं पडतं का? गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

बीपीची, दोन वर्षं झाली. आणि हो, तेव्हापासून रात्री जीभ टाळूला चिकटते. म्हणून मी लिमलेटची गोळी चघळते.

"दिवसाला किती?"

"चारेक."

ती बघत राहिली.

"आठ. पण चहा बिनसाखरेचा घेते हं मी!"

साखर किती यापेक्षा किती वेळा, हे जास्त महत्त्वाचं, ती म्हणाली. दर गोळीला तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, आणि लाळेला ते निस्तरायला अर्धा तास तरी लागतो. मी पुढची गोळी त्याआधीच हजर करत होते, आणि लाळही पुरती येत नव्हती. थोडक्यात, एक गोळी तोंड सुकवत होती, दुसरी ते गोड करत होती आणि दोघी मिळून माझं मूळ खात होत्या. बीपीची गोळी मनाने बंद करायची नाही, तुमच्या डॉक्टरांशी बोला, असा दम देऊन तिने लिमलेटवर मात्र तिथल्या तिथे बंदी घातली. तहान लागली तर पाणी प्या म्हणे. पाण्याला का कुठे संत्र्याचा वास असतो?

दोन दातांत ग्लास आयनोमर भरलं. बारीक दोऱ्याने हिरडी बाजूला सारून, कापूस कोंबून. हे सिमेंट दाताला रसायनानेच चिकटतं आणि हळूहळू फ्लोराइडही सोडत राहतं. आणखी दोन डाग वरवरचे होते, त्यांना नुसतं फ्लोराइडचं वॉर्निश. "डाग कडक आणि काळा झाला तर घाबरू नका, कीड थांबली समजा." आयुष्यभर पांढऱ्या दातांसाठी राबले आणि आता रोज आरशात बघते, काळा झाला का?

ब्रश आता मऊ, इतका की बाळाचं टाळू पुसावं. पेन धरतो तसा तीन बोटांत धरायचा. मंजनाची बरणी तुळशीत रिकामी करणार होते, पण तुळशीची दया आली.

जुना कडक ब्रश टाकवेना. बाथरूमच्या टाइल्सच्या फटी घासायला घेतला. पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं रात्री. फटी लख्ख झाल्या. आठव्या दिवशी नळाखालच्या टाइलच्या बुडाचं पांढरं सिमेंट भुगा होऊन हातात आलं.

मी ओरडले. या वेळी हे उठून आले, फट बघितली, माझ्या हातातला ब्रश बघितला.

"ग्लास आयनोमर आणू का?"