शब्द टाकला की मेल सापडते? ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, जीमेलमध्ये जुनी मेल कशी शोधावी यावरच्या माझ्या लेखावर अमळनेरहून तुम्ही मनापासून आणि सडेतोड लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं की जीमेलमध्ये शब्द टाकला की मेल सापडतेच, मग कोलन नि तिरक्या रेघा पाठ करायला लावून मी साध्या माणसाला घाबरवतो. शिवाय आपल्या खानदेशात कळफलक आहे कुणाकडे, सगळे मोबाइलवाले.

मोबाइलचं तुमचं बरोबर आहे. तिरकी रेघ (/) दाबून कर्सर थेट शोधपेटीत नेणं, जे (J) दाबून खाली सरकणं, एंटरने मेल उघडणं, यू (U) दाबून यादीत परतणं हे संगणकावरच चालतं, तेही सेटिंगमध्ये शॉर्टकट सुरू केल्यावर. लेखात मी हे स्पष्ट लिहायला हवं होतं, आता लिहिलंय. पण फ्रॉम (कुणाकडून), आफ्टर (कधीनंतर), बिफोर (कधीआधी) हे शोध नेमका करणारे शब्द, म्हणजे ऑपरेटर, मोबाइलच्या शोधपेटीतही तसेच चालतात.

शब्दाचं मात्र मला पटत नाही, आणि त्याचं कारण आपली मराठीच आहे. जीमेल अर्धवट शब्द जुळवत नाही. तुम्ही ‘विमा’ टाकलंत आणि मेलमध्ये ‘विम्याची पावती’ असेल, तर ती मेल हुकते. ‘विमा’ला प्रत्यय लागला की ‘विम्या’ होतो, हे तुम्ही वर्गात रोज शिकवता. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

मागच्या महिन्यात चोपडा तालुक्यातले एक केळीवाले काका माझ्या दुकानात आले. २०२२ची पीकविम्याची पावती हवी होती. मेलमध्ये काय लिहिलं होतं ते त्यांना काहीच आठवेना. पण पावती सेवा केंद्रवाल्याने पाठवली, सोबत फाइल होती आणि ती ऑक्टोबरात आली, हे पक्कं ठाऊक होतं. माणसाला असंच आठवतं ना? कुणी दिलं, कधी दिलं. मी तिरकी रेघ दाबली आणि टाइप केलं, फ्रॉम: आणि त्याला चिकटून केंद्रवाल्याचं नाव, पुढे हॅज:अटॅचमेंट आफ्टर:२०२२/१०/०१ बिफोर:२०२२/११/०१. (इथे देवनागरीत लिहितोय, ऑपरेटर आणि आकडे इंग्रजीत टाइप करायचे, कोलननंतर जागा सोडायची नाही.) यादीत फक्त चार मेल उरल्या. जे, जे, एंटर. काका पडद्याकडे वाकले नि म्हणाले, “हाईच शे!” मेलचा विषय कोरा होता, मजकूरही नव्हता, नुसती फाइल. तुम्हीच सांगा, कोणता शब्द टाकून सापडली असती?

शब्दानेच शोधायचं असेल तर त्याची सगळी रूपं द्या: विमा ऑर विम्याची ऑर पीकविमा. मधला ऑर इंग्रजी मोठ्या लिपीत.

तुम्ही शेवटी लिहिलंय की शाळेचा एक जुना आदेश अजून सापडत नाही, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. साधा शोध स्पॅम आणि कचरापेटीत डोकावत नाही, म्हणून आधी इन:एनीव्हेअर टाका, पुढे फाइलनेम:पीडीएफ आणि मग त्या शैक्षणिक वर्षाच्या आफ्टर-बिफोर तारखा. कचरापेटीतली मेल तीस दिवसांनी कायमची जाते, तेव्हा आजच बघा आणि सापडला नाही तर पाठवणाऱ्याचं नाव आठवून मला इथेच कळवा.