तारीख होती की अजून

आज सकाळी सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यापाशी मावशी रव्याची तीन न फोडलेली पाकिटे हातात धरून उभ्या होत्या. मला पाहताच त्यांनी विचारले, "ताई, हे खराब झालंय का हो?" मी चष्मा लावला आणि पाकीट उजेडात तिरपे धरले, तेव्हा कुठे त्या चकचकीत प्लास्टिकवरचे फिकट ठिपके आकड्यांसारखे दिसू लागले. तारखा दोन होत्या. 'बेस्ट बिफोर' चार दिवसांपूर्वी उलटली होती आणि 'एक्स्पायरी'ला अजून दीड महिना अवकाश होता. ज्यांनी ती पाकिटे टाकली, त्यांनी पहिली तारीख वाचली आणि दुसरी वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत.

मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत पदार्थाची चव, वास आणि कुरकुरीतपणा उत्तम राहील. पुढे तो थोडा उतरेल, पण एका रात्रीत त्याचे विष होत नाही. 'युज बाय' किंवा 'एक्स्पायरी' ही मात्र खरी मुदत, ती संपलेला माल विकायचाही नाही आणि खायचाही नाही. रव्याला जाळी धरली आहे का, हे पाहायला आपल्या आयांना कधी छापील तारीख लागली नाही, चाळणी पुरली. तान्ह्या बाळाच्या खाण्याच्या बाबतीत असली हुशारी करू नये, हे मान्य. पण रवा?

लिहिता लिहिता लक्षात येते आहे की माझा राग या तीन पाकिटांवरचा नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आई पनीर खाऊन आजारी पडली. पाकीट फोडून सहा दिवस झाले होते आणि मधली एक अख्खी रात्र वीज नव्हती. सलाइन लावलेला हात पांघरुणावर ठेवून ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती, "अगं, तारीख होती की अजून." तारीख होतीच, चांगली नऊ दिवस पुढची. पण ती तारीख बंद पाकिटाची असते आणि तेही सांगितलेल्या थंडाव्यात ठेवलेल्या. फोडल्यावर किती दिवसांत संपवायचे, हे मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले होते, इंग्रजीत. आई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. वेष्टनावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते. मराठी द्यायची की नाही, ही कंपनीची मर्जी. कागदोपत्री सगळे बरोबर होते, फक्त आई सलाइनवर होती.

२०२० च्या लेबलिंगच्या नियमांनी एक्स्पायरी किंवा युज बाय सक्तीची केली आणि बेस्ट बिफोर ऐच्छिक ठेवली. हेतू चांगला असेल, नाही म्हणत नाही. परंतु त्यामुळे कोरड्या रव्यावर आणि ओल्या पनीरवर एकाच थाटाची तारीख येऊन बसली, आणि माणसे रवा फेकून पनीर ठेवून घेऊ लागली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरही तारीख लावण्याचा नियम आला, तेव्हा मी स्वतः हसले होते. पण आमच्या मिठाईवाल्याने मार्करने ठळक लिहिलेली ती पाटी आई काउंटरच्या अलीकडून वाचते आणि कालच्या बर्फीऐवजी आजची मागते. मिठाईवाल्याला जे जमते, ते एवढाल्या कारखान्यांना जमू नये?

असो. त्या पनीरनंतर आई फोडलेल्या प्रत्येक वस्तूवर स्केचपेनने वार लिहिते. आमच्या फ्रिजमध्ये दह्यावर 'सोमवार' आणि सॉसच्या बाटलीवर 'गुरुवार रात्री' असे लिहिलेले असते, पाहुणे हसतात. सकाळी दोन पाकिटे मावशींनी नेली आणि एक मी ठेवून घेतले, कारण जे मी खाणार नाही ते त्यांना द्यायचे, हे मला जमणार नव्हते. संध्याकाळी ते फोडले, रवा चाळला, भाजला आणि उपमा केला. चांगला मोकळा झाला. उरलेला रवा आईने डब्यात भरला आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'आज फोडला'. "आज म्हणजे कधी गं?" असे विचारल्यावर ती स्वतःच इतकी हसली की पुन्हा लिहायचे राहूनच गेले.