ती माझी आई नाहीये!

काल रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर एका परक्या बाईचा फोटो पडला आणि खाली बदामच बदाम. 'काकू काय गोड दिसतायत!' 'मावशी, हिरॉइनच की!' अरे, कोण काकू? कुठली मावशी? ती माझी आई नाहीये!

रविवारी आईची पंचाहत्तरी. पर्वतीच्या पायऱ्यांवर काढलेला तिचा एक सुरेख फोटो आहे, तो आमंत्रणावर टाक, एवढंच भाच्याला सांगितलं होतं. त्यानं तो एआयला दिला. रेट्रो लुक, गोल्डन अवर, केसात फूल, सिनेमॅटिक लाइट असला कुठल्यातरी रीलमधून उचललेला हातभर सूचनांचा प्रॉम्प्ट चिकटवला आणि बसला वाट बघत. आईच्या गालावरचे देवीचे वण गेले. चष्मा गेला. सावळा रंग गेला. किंचित पुढे आलेला दात, ज्याच्यामुळे तिचं हसू तिचं वाटतं, तो ओळीत जाऊन बसला. नऊवारीचा काष्टा गायब, त्या जागी काहीतरी झुळझुळीत पायघोळ. नथ उजव्या नाकपुडीत! तीही आपली मोत्यांची नाही, भलीमोठी गोल रिंग आणि कानापर्यंत साखळी. मागची पर्वती जाऊन राजस्थानातली हवेली उगवली. आणि वर सोनेरी अक्षरांत 'अमुतमहत्सोव'. आयुष्यभर शाळेत मुलांचं शुद्धलेखन तपासलेल्या बाईच्या आमंत्रणावर 'अमुतमहत्सोव'! आणि हे पाठवण्याआधी एकदा वाचूनही बघितलं नाही कोणी.

"अगं मावशी, मी 'चेहरा बदलू नको' असं लिहिलं होतं प्रॉम्प्टमध्ये." लिहिलं होतंस, मग आलेला चेहरा पाहिलास का? रोज जिच्या हातचं जेवतोस ती आजी तुला त्यात दिसली का? ते यंत्र फोटोवर नुसता हलका हात फिरवत नाही रे. दिलेला फोटो बघून ते अख्खं चित्र नव्यानं काढतं, आणि काढताना शिकतेवेळी पाहिलेल्या चेहऱ्यांच्या ढिगाकडे झुकतं. त्या ढिगात साडी म्हटलं की लग्नाची जाहिरात नाहीतर हिंदी सिनेमा. काष्टा नेसलेली, गालावर वण असलेली सदाशिव पेठेतली म्हातारी त्यात असून असून कितीशी असणार? म्हणून 'छान कर' म्हटलं की ते गोरं करतं, तरुण करतं, गुळगुळीत करतं. आणि आपण टाळ्या वाजवतो.

पण खरा संताप वेगळाच आहे. तो फोटो आईला आवडला. फोन जवळ धरून कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हाच राहू दे. माझा खरा कशाला?" त्या वणांवरून लहानपणी, मग स्थळं बघताना, काय काय ऐकलंय तिनं. मला वाटायचं ते तिनं कधीच मागे टाकलं. घरातल्याच पोरानं, प्रेमानं, ते पुन्हा वर काढलं. कोण भरून देणार हे?

आणि हे आजचं नाही. मार्च २०२५ मध्ये घिबलीचं वेड आलं, म्हणजे आपला फोटो एआयकडून घिबली स्टुडिओच्या ॲनिमेशन सिनेमांसारखा करून घ्यायचं. जपानमधला तो स्टुडिओ १९८५ पासून माणसं बसवून हातानं चित्रं काढतोय, आणि इथे कोथरूडपासून हडपसरपर्यंत जो तो फुकटात गोल डोळ्यांचा झाला. मग टेबलावरच्या प्लास्टिकच्या बाहुल्या, मागे त्यांचा खोका. सप्टेंबरात शिफॉनच्या साड्या. सगळ्यांचा वारा एकाच दिशेनं, सगळ्यांच्या कानामागे तेच फूल. माझ्या संपर्क यादीतल्या अर्ध्या बायका मला डीपीवरून ओळखू येईनात.

चौकातल्या फ्लेक्सबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलणार. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रेंनी जुने कागद धुंडाळून शिवाजी महाराजांचं अस्सल चित्र शोधलं आणि १९३३ साली लोकांपुढे आणलं. तोपर्यंत भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून घरोघरी मिरवत होतं. एका खऱ्या चेहऱ्यासाठी एवढी खटपट याच मातीतल्या माणसानं केली. आणि आता १९ फेब्रुवारीला बघा, दर चौकात एआयनं काढलेले वेगळे महाराज. जिममधले दंड, कुठल्यातरी परदेशी सरदाराचं चिलखत, जिरेटोपाचा आकार भलताच. खाली हात जोडलेले भावी नगरसेवक, त्यांचीही कातडी तुकतुकीत. कोणालाच काही खटकत नाही?

सोसायटीत नवरात्रात भोंडला झाला. दुसऱ्या दिवशी एका ताईंनी आमचा सगळ्यांचा फोटो घेऊन प्रत्येकीला शिफॉनमध्ये घातलं आणि ग्रुपवर टाकलं. कोणाला विचारलं? कोणालाच नाही. त्यात माझी नववीतली मुलगी आहे. तिला पाठ उघडी टाकणारा ब्लाउज घातलाय त्या यंत्रानं, आणि अंगही थोराड करून ठेवलंय. मी काढा म्हटलं तर उत्तर आलं, "अहो, किती मनावर घेता, गंमत आहे!" त्या गमतीसाठी माझ्या पोरीचा चेहरा तुम्ही कुठल्या ॲपला दिलात, ते ॲप तो कुठे ठेवतं, किती दिवस ठेवतं, वाचलंत का त्या अटींमध्ये? फोटो अजून ग्रुपवर आहे. आज रात्रीपर्यंत काढा. आणि यापुढे माझ्या मुलीचा फोटो कुठल्याही ॲपमध्ये टाकायचा नाही. विचारायलाही येऊ नका, उत्तर नाही असंच आहे.