चिमूटभर म्हणजे किती?

पाचवी ते सातवीच्या पोट्ट्यांना रसायनशास्त्र हाताने करून शिकवायचं, म्हणजे आधी हात मोजायचे. मुलं 42, हात 84. त्यांतले निदान 60 कायम आपल्या टेबलावर, उरलेले शेजाऱ्याच्या डब्यात. रसायनं बिचारी गरीब असतात. खायच्या सोड्याने आजवर कुणाला उलट उत्तर दिलेलं माझ्या ऐकिवात नाही. जो गोंधळ होतो तो ‘चिमूटभर’ या शब्दाने होतो.

हा शब्द प्रयोगाच्या पुस्तकांत स्वयंपाकघरातून आला. पण आईची चिमूट दोन बोटांची. सहावीतल्या मुलाची पाच बोटांची असते आणि तिला मूठ म्हणतात. म्हणून आम्ही चिमूट हद्दपार केली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं टोपण हे आमचं मोजमाप, कारण त्यावर 2.5, 5 आणि 10 मिलीच्या रेघा असतात. शिवाय बिनसुईची 10 मिलीची सिरिंज. ही सिरिंज मुळात पिचकारीच आहे हे मुलांना जन्मतः ठाऊक असतं, तेव्हा आधी मैदानात नेऊन साध्या पाण्याने पाच मिनिटं धुळवड उरकून घ्यावी. मग माणसांत येतात.

पहिला प्रयोग फुग्याचा, कारण तो फसायला अवघड आहे. तरीही फसतो. अर्ध्या लिटरच्या रिकाम्या बाटलीत 90 मिली पांढरं व्हिनेगर घ्यायचं, 4 टक्क्यांचं. फुग्यात कागदाच्या नरसाळ्यातून एक सपाट चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम, खायचा सोडा भरायचा. फुग्याचं तोंड बाटलीच्या तोंडावर नीट चढवायचं आणि त्यानंतरच फुगा उभा करायचा. ‘त्यानंतरच’ हा शब्द फळ्यावर कितीही मोठा लिहा. सात गटांपैकी दोन गट फुगा आधी उभा करतात आणि फेस शर्टाच्या बाहीत जातो. एका गटाचं नरसाळं ओलं असतं, सोडा त्याच्या गळ्यात लाडू होऊन बसतो. आणखी एका गटाने घरून सोडा म्हणून बेकिंग पावडर आणलेली असते. तिच्यात अर्धाअधिक स्टार्च आणि आम्ल असतं, त्यामुळे ती नुसत्या पाण्यातही फसफसते आणि ‘मॅडम, व्हिनेगर लागतच नाही जी’ असा नवा शोध लागतो.

हिशेब असा, की 5 ग्रॅम सोड्यातून कागदावर सुमारे 1.4 लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. थोडा पाण्यात विरघळून राहतो, थोडा तोंडाशी निसटतो, तरी फुगा सोललेल्या नारळाएवढा होतो. नारळावर समाधान मानणारं पोरगं मला अजून भेटायचंय. ‘मोठ्ठा करू न मॅडम’ म्हणत शंभर ग्रॅमची अख्खी पुडी ओतली जाते. फुगा तेवढाच. सोडा तळाशी ढिम्म. लग्नाच्या पंगतीत वरण संपलं की भाताचा डोंगर नुसता बघत बसावा लागतो, तसं हे. शंभर ग्रॅम सोड्याला पावणेदोन लिटरच्या वर व्हिनेगर लागेल हा गुणाकार मुलं याच वेळी आपणहून करतात, गणिताच्या तासाला अजिबात नाही.

व्हिनेगरच्या वासाने डोकं उठत असेल तर नागपूरच्या इतवारीतल्या किराण्यातून लिंबूसत्त आणावं. 90 मिली पाण्यात जेमतेम सव्वाचार ग्रॅम पुरतं. सोडा पडला की बाटली हाताला गार लागते. रसायन म्हणजे वाफा, धूर आणि गरम, अशी खात्री असलेली मुलं बाटल्या गालाला लावून बसतात. मग ठरलेला प्रश्न येतो, ‘मॅडम, याच्यावर कूलर चालंल का?’

कूलरवरून आठवलं. प्रयोग लिहिणारी मंडळी नागपूरची नसावीत. ‘द्रावण खोलीच्या तापमानाला थंड होऊ द्या,’ म्हणतात. कुणाच्या खोलीच्या? तुरटी 100 मिली पाण्यात 50 अंशांना 37 ग्रॅमच्या आसपास विरघळते, 20 अंशांना 14 ग्रॅम. कढत पाण्यात 35 ग्रॅम विरघळवून डिसेंबरच्या रात्री ठेवलं, की सकाळी दोऱ्याला खडीसाखरेसारखे स्फटिक लोंबतात. एप्रिलच्या शिबिरात खोलीच चाळिशीला टेकलेली असते. तुरटी बाहेर यायला कुरकुरते, येते ती थोडीच. मेणबत्तीच्या प्रयोगाला पंखा बंद करावा लागतो. एप्रिलमध्ये तो बंद करून पाहा, म्हणजे लोकक्षोभ म्हणजे काय ते कळेल.

28 फेब्रुवारीला विज्ञान दिन. 1928 साली रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाबद्दलचा शोध लावला, म्हणून. नागपुरात गांधीसागर तलावाजवळ त्यांच्या नावाचं विज्ञान केंद्रही आहे. पण त्या दिवशी शाळाशाळांतून प्रकाश राहतो बाजूला आणि फुटतात ज्वालामुखी. सोड्याचा फुटला तर फुटू द्यावा. नारिंगी अमोनियम डायक्रोमेट पेटवून हिरवी राख उडवायचा जुना खेळ मात्र बाटलीसकट विसरावा. त्यातल्या क्रोमियमने कर्करोग होतो. मोरचूदही नको. निळा रंग कितीही मोहक असला तरी ते विष आहे, आणि या वयाची मुलं बोट आधी चाटतात, नाव मागून विचारतात.

संत्र्याचा प्रयोग नागपुरात नाही करायचा तर कुठे? ताज्या सालीचा तुकडा दुमडून फुगलेल्या फुग्यावर दाबला की उडालेल्या तेलातल्या लिमोनीनने रबर मऊ पडतं आणि फुगा फट्कन फुटतो. ते तेल थर्माकोलवर टाकलं तर खड्डा पडतो. सालीचा पिचकारा मेणबत्तीवर मारला तर ठिणग्या उडतात. तो आपणच मारावा, मुलांनी लांबून बघावा. अडचण एकच. ‘प्रयोगाचं काहीही तोंडात घालायचं नाही’ हा नियम संत्र्याला लावायला गेलं की नियमच मोडतो. म्हणून आम्ही संत्री आधी वाटून टाकतो आणि साली जमा करतो.

खरी कसोटी चुन्याच्या निवळीची. पानठेल्यावरचा चुना एक चमचा, पाणी एक लिटर. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमही विरघळत नाही, तेव्हा जास्त टाकून उपयोग नाही. हलवून रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं स्वच्छ पाणी अलगद दुसऱ्या बाटलीत ओतायचं. ही ओतणी निघण्याआधी घरीच करावी. गाळासकट बाटली स्कूटीच्या पायाशी ठेवून निघालं, की महाल भागातल्या शाळेत पोहोचेपर्यंत खड्ड्यांनी ती ढवळलेली असते आणि प्रयोगाआधीच निवळीचं दूध. बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट लावावं, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते. चुन्याची पुडी मुलांच्या हातात कधीही देऊ नये. दाबली की फुटून थेट डोळ्यात जाते आणि बुबुळ भाजतं. गेलाच तर लगेच नळाखाली डोळा धरून निदान 20 मिनिटं धुवायचा आणि दवाखाना गाठायचा. इथे विनोद संपतो.

प्रत्येकाला 20 मिली निवळी आणि एक स्ट्रॉ. स्ट्रॉला वरच्या बाजूला टाचणीने भोक, म्हणजे कुणी फुंकायच्या ऐवजी ओढलंच तर हवा येते, चुना येत नाही. मिनिटभर फुंकलं की निवळी पांढरी. इथे थांबायचं असतं. पण सर्वांत जास्त वेळ कोण फुंकतो ही शर्यत एव्हाना लागलेली असते, आणि तीन-चार मिनिटांत पांढरेपणा विरायला लागतो. ‘मॅडम, यानं माह्या ग्लासातलं दूध पेलं जी!’ कुणी पीत नाही. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडने पांढरा कार्बोनेट विरघळणारा बायकार्बोनेट होतो. ते पाणी उकळलं की पुन्हा पांढरं. कूलरच्या जाळीवर साचणारा पांढरा थर तो हाच. व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसतो.

रंगाच्या प्रयोगाला लाल जास्वंद लागते. पाच-सहा फुलांच्या पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या की झालं. लिंबाने गुलाबी, चुन्याने हिरवं. हा प्रयोग संकष्टीला ठेवू नये. त्या दिवशी फुलांवर टेकडीच्या गणपतीचा हक्क पहिला. जास्वंद नसेल तर टीपकागदावर स्पिरिटमध्ये कालवलेली हळद, पण तो कागद मेणबत्तीपासून लांब. हळद साबणाने लाल होते. लिंबाने मात्र पिवळीच राहते. म्हणून अर्धा वर्ग वहीत ‘लिंबू आम्ल नाही’ असं सुवाच्य अक्षरात लिहितो. शिवाय सगळ्या वाट्यांत एकच चमचा फिरतो, आणि शेवटी सगळ्याच वाट्या पिवळ्या.

हळद टीपकागदापेक्षा गणवेशावर जास्त लागते. घरी आई पिवळ्या डागाला साबण चोळते, डाग कुंकवासारखा लाल होतो, आणि रात्री साडेनऊला फोन येतो, ‘मॅडम, पोराला नेमकं लागलं तरी कुठं?’ उत्तर पाठ झालंय. लागलेलं काही नाही, लिंबू पिळा म्हणजे डाग पुन्हा पिवळा होईल, धुवा आणि दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हात उडतो, आणि ऊन मोजून घालायची इथे गरज नाही.