‘तू तुझं, मी माझं’ म्हणजे गेस्टाल्ट नव्हे

गेस्टाल्ट थेरपी या मानसोपचाराच्या पद्धतीबद्दल व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘गेस्टाल्ट थेरपी सांगते, तू तुझं कर, मी माझं करतो. माणूस एकट्यानंच वाढतो. घरी रिकामी खुर्ची ठेवून मनातलं सगळं ओका. जड झालेली नाती सोडा.’ गणपतीला चाकरमानी गावी येतात, सामाईक घरात चार बिऱ्हाडं एकत्र नांदतात आणि हापूसच्या कलमांच्या वाटणीचा विषय निघतो, तेव्हा हा सल्ला फार सोयीचा वाटतो. पण तो चुकीचा आहे आणि त्यानं नुकसान होतं.

आधी ते ‘सूत्र’. ‘तू तुझं, मी माझं’ या ओळी गेस्टाल्टच्या संस्थापकांपैकी एक, फ्रिट्झ पर्ल्स यांच्या १९६९च्या एका छोट्या प्रार्थनेतल्या. उपचारपद्धतीचा पाया मात्र १९५१मध्ये पर्ल्स, हेफरलाइन आणि गुडमन यांच्या पुस्तकात घातला गेला, आणि तिथली मुख्य कल्पना आहे संपर्काची: माणूस आणि त्याचा भोवताल जिथे भेटतात ती सीमा. फ्रिट्झ यांच्या पत्नी आणि सहसंस्थापक लॉरा पर्ल्स फ्रँकफर्टला तत्त्वज्ञ मार्टिन ब्यूबर यांच्याकडे शिकल्या होत्या. ब्यूबर यांचा ‘मी-तू’ नात्याचा, म्हणजे समोरच्याला वस्तू न मानता माणूस म्हणून भेटण्याचा विचार गेस्टाल्टमध्ये मुरला त्यात त्यांचा वाटा मोठा.

‘एकट्यानंच वाढतो’ हे म्हणूनच टिकत नाही. संपर्क कुठे तुटतो ते दुसऱ्यासमोरच दिसतं. धाकटा भाऊ ‘दादा म्हणेल ते’ म्हणतो, पण त्याला स्वतःला काय हवंय हेच त्याला सांगता येत नाही: हे दुसऱ्यात विरघळणं. ‘मोठ्यांसमोर बोलायचं नाही’ हे न पचवता गिळलेलं वाक्य. हिशोब विचारला की दादा यंदाच्या मोहोरावर बोलू लागतो: ही बगल. वहिनीचा राग जबड्यात आवळला जातो आणि डोकेदुखी होऊन तिच्यावरच उलटतो. हे दोष नव्हेत; एके काळी या सवयींनीच घर सांभाळलं. थेरपिस्ट त्या मोडायला जात नाही. ‘हे म्हणताना तुमचा श्वास थांबला’ एवढंच सांगतो, आणि ते ऐकून स्वतःला काय झालं तेही कधी कधी सांगतो. तो नुसता आरसा नसतो. मानसोपचारतज्ज्ञ आर्नोल्ड बाइसर यांनी १९७०मध्ये मांडलं ते इथे लागू पडतं: माणूस आहे तसा स्वतःला पुरता भेटला, की बदल होतो, वेगळं होण्याच्या धडपडीनं नव्हे.

खुर्चीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यांत जास्त चुका तिथेच होतात. हा थेरपिस्टसोबत करायचा प्रयोग: ज्याच्याशी बोलायचं तो माणूस रिकाम्या खुर्चीत बसलाय असं मानायचं. माणूस एकच आणि विषयही एकच घ्यायचा. खुर्च्या समोरासमोर, हवं तेवढं अंतर ठेवून. ‘बाबा असे होते’ असं नाही, तर ‘बाबा, तुम्ही मला विचारलं नाहीत’ असं थेट, वर्तमानात बोलायचं. मग उठून त्या खुर्चीत बसायचं आणि बाबा म्हणून उत्तर द्यायचं. पुन्हा परत. रागाखालचं दुःख किंवा मागणी वर येते ती बहुतेकदा या अदलाबदलीत. शेवटी सावरायला वेळ राखून ठेवावा लागतो. घरी एकट्यानं नुसतं ओरडलं तर खुर्ची बदललीच जात नाही, तोच आरोप घोटला जातो आणि राग पक्का होतो. मारहाण किंवा अत्याचाराची आठवण असेल तर माणूस सुन्न पडू शकतो, आणि त्याला आत्ताच्या खोलीत परत आणायला तिथे कुणीच नसतं. जीव नकोसा वाटत असेल तर हा प्रयोग करूच नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६वर फोन करावा.

राहिलं नाती सोडण्याचं. वाटणीच्या बैठकीत ‘तू कायम असाच’ऐवजी ‘तू कागद पुढे केलास तेव्हा मला भीती वाटली’ असं एक वाक्य बोलून थांबावं, आणि समोरच्यानं काय ऐकलं ते त्यालाच विचारावं. तो न पटल्याचं सांगेल, कदाचित उठूनही जाईल. संवादात निकाल आधी ठरवता येत नाही. वाटणी वेगळी करायची ठरली तरी ती समोर बसून करता येते. मात्र घरात हात उगारला जात असेल तर हे काहीच लागू नाही. तिथे आधी सुरक्षित जागा, आणि संवादाची जबाबदारी मार खाणाऱ्यावर टाकायची नाही.