मूत्राशयाचं दुखणं म्हणजे ‘मनाचे खेळ’ नव्हेत
‘लघवीचा रिपोर्ट स्वच्छ, तरी ओटीपोट दुखतंय? मनाचे खेळ आहेत. ध्यान करा, गोळ्या सोडा,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि दुखणाऱ्या बाईला खोटं पाडणारा आहे. इंटरस्टिशियल सिस्टायटिस म्हणजे मूत्राशयाच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या दुखण्याचा आजार; त्यात जंतुसंसर्ग नसतानाही वेदना खरीच असते. काहींच्या मूत्राशयात दुर्बिणीतून हनर व्रणही (आतल्या अस्तरावरच्या जखमा) दिसतात. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना ताण हाताळायला शिका म्हणतात, पण उपचारांच्या जोडीने. कारण ताणाने दुखणं भडकतं. कळ आली की सावकाश श्वास सोडत पोट, जांघा, जबडा सैल सोडून बघा. केगलचे (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे) व्यायाम मात्र इथे टाळायचे, हे फारसं कुणी सांगत नाही! गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. लघवीत रक्त दिसलं तर लगेच दाखवा.